पाणी किती वेळा बदलायचं

अमुमा मंगळवारी पहाटे गेली. आठ वाजता तिच्या नातीचा फोन आला. आवाज रडून रडून बसलेला. "गेली," एवढंच म्हणाली आणि लगेच पुढे, "चार वाजता सेंटरच्या स्वयंपाकघरात येशील? क्रोकेतांचं सारण आजच घाटून ठेवायला हवं. रात्रभर गार झाल्याशिवाय वळता येत नाही, आणि शनिवारी तीनशे तरी लागतील."

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरातली चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात आणि घरच्यांनी तो कसाबसा घशाखाली उतरवायचा. इथे माणूस गेल्यावर पहिलं काम म्हणजे तीन गॅलन दूध तापत ठेवायचं. सवयीने पांढरा कुडता घालून निघाले. पांढरा का घातला हे तिथे कुणाला कळणार नव्हतं, पण उडालेला मैदा त्यावर दिसला नाही, तेवढं बरं झालं.

मी राहते ते शहर बॉयसी, अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी. (बॉयझी म्हटलं की इथले लोक लगेच दुरुस्त करतात.) नवऱ्याची नोकरी चिप बनवणाऱ्या कंपनीत, म्हणून नऊ वर्षांपूर्वी आलो. पहिल्याच सप्टेंबरमध्ये शेजारच्या अंगणात एक म्हातारी लाल मिरच्यांच्या माळा ओवून वाळत घालताना दिसली. अमेरिकेत हे दृश्य! मी सरळ कुंपणापाशी गेले. ती बास्क होती. बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वत आणि बिस्केचा उपसागर यांच्या बेचक्यातले लोक. त्यांची भाषा एउस्कारा. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून लागलेलं नाही. बिस्काया भागातल्या बोलीत अमुमा म्हणजे आजी. सगळे तिला अमुमाच म्हणत, मीही म्हणायला लागले.

तर त्या दिवशी इथल्या बास्क लोकांच्या सेंटरच्या स्वयंपाकघरात आम्ही सातजणी होतो. क्रोकेता म्हणजे मैदा लोण्यात भाजून, त्यात दूध घालून घट्ट घाटायचं, बारीक चिरलेलं हॅम घालायचं, गार झालं की बोटाएवढे वळून अंड्यात, पावाच्या चुऱ्यात घोळवायचं आणि तळायचं. ऐकायला सोपं. पण घाटताना हात थांबला की गुठळी झालीच. त्यामुळे दर पाच मिनिटांनी पातेल्यापाशी नवा हात. कुणी काही भाषण केलं नाही. एवढ्यात सगळ्यांत वयस्कर बाई चव बघून म्हणाली, "तिच्यासारखी लागत नाही." मग वाद. एकीचं म्हणणं, ती जायफळ घालायची. दुसरी म्हणाली, छे, बिस्कायात जायफळ कोण घालतं, आम्ही एकाच गावच्या, मला माहीत नाही?

मी मान खाली घालून घाटत राहिले. जायफळ मीच तिला दिलं होतं. आमच्या पोफळीच्या बागेतलं, जायपत्रीसकट. पाच-सहा वर्षं तिच्या क्रोकेतांत वेंगुर्ल्याचं जायफळ होतं आणि अख्खं सेंटर त्याला जुनी चव म्हणत होतं. शेवटी मी कबूल केलं. आधी शांतता, मग असा हशा की एकीला डोळे पुसायला बाहेर जावं लागलं. घरी जाऊन जायफळ आणलं आणि किसून घातलं.

बुधवारी मृत्युलेख. इथे तो घरच्यांनीच लिहायचा आणि वर्तमानपत्राला पैसे भरून छापायचा. लेखाला मापही असतं: कधी जन्मली, कुठे, काय केलं, मागे कोण आहे, तिच्याआधी कोण गेलं. तिची मुलगी, दोन मुलगे आणि नात टेबलाभोवती बसले आणि मला बोलावलं. नात म्हणाली, "तू बाहेरची आहेस. भांडण झालं तर तू लिहीत राहा."

सुरुवात सोपी होती. जन्म १९३७चा उन्हाळा, बिस्कायाच्या किनाऱ्याजवळचं शेतावरचं घर. त्याच वर्षी २६ एप्रिलला बिस्कायातल्या गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा ती आईच्या पोटात होती. शाळेत गेली ती स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत. वर्गात एउस्कारा बोललं की शिक्षा. घरी स्पॅनिश कुणाला धड येत नव्हती, म्हणजे पहिली दोन वर्षं ती शाळेत जवळजवळ मुकीच बसायची. १९६१ साली बॉयसीला आली.

का आली, इथे पहिली अडचण. मुलगी म्हणाली, गरिबी. मोठा मुलगा म्हणाला, फ्रँको. मला तिने सांगितलं होतं की मावशी इथे बोर्डिंग हाउस चालवायची, तिला हाताखाली मुलगी हवी होती आणि तिकीट तिनेच पाठवलं. मला वाटतं तिन्ही खरं असेल. पण ती ज्याला जे पचेल ते सांगायची हेही खरं. मी लिहिलं, "१९६१ साली मावशीकडे आली," आणि पुढे सरकले.

बोर्डिंग हाउसचं थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे लोक कळत नाहीत. बास्क तरुण इथे आले ते मेंढ्यांमागे. बहुतेक जण शेतकऱ्यांची नाहीतर कोळ्यांची पोरं, शेकडो मेंढ्यांचा कळप त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पण इंग्रजी आलं नाही तरी चालेल असं काम तेच होतं. १९२४च्या कायद्याने स्पेनला वर्षाला फक्त १३१ जणांचा कोटा दिला आणि वाट जवळजवळ बंद झाली. पुढे १९५०च्या दशकात मेंढपाळ मिळेनात, तेव्हा खास कायदे करून तीन वर्षांच्या करारावर माणसं आणली. अमुमाचा नवरा त्यातला. उन्हाळाभर डोंगरात एकटा, सोबत कुत्रा, मेंढ्या आणि खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजलेला पाव. हिवाळ्यात शहरात उतरलं की राहायला बोर्डिंग हाउस. तिथे गावचं जेवण, गावची भाषा, पत्र लिहून देणारं कुणीतरी, डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी. आपल्याकडे गिरणगावातल्या खानावळी आणि गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, साधारण तसंच. ग्रोव्ह स्ट्रीटवर १८६४ साली बांधलेलं उबेरुआगा कुटुंबाचं असं घर आहे, १९६९पर्यंत त्यात बोर्डर राहत. आता ते शेजारच्या बास्क संग्रहालयाकडे आहे. अमुमा त्या घरासमोरून जाताना कधीच आत बघायची नाही. "चादरी," एवढंच म्हणायची. मावशीकडे आठवड्याला चाळीस चादरी धुतल्या होत्या तिने.

दुसरी अडचण आडनावाची. आडनाव मी इथे सांगत नाही, पण त्यात एक 'च' आहे. स्पॅनिश पद्धतीने तो सी-एच लिहितात, बास्क पद्धतीने टी-एक्स. पासपोर्टवर सी-एच, कारण फ्रँकोच्या कचेरीत दुसरं चालतच नव्हतं. धाकट्या मुलाने स्वतःचं आडनाव केव्हाच टी-एक्स करून घेतलंय. तो म्हणाला, शाळेत जी भाषा बोलली म्हणून मार खाल्ला, निदान शेवटी तरी त्या भाषेत नाव लिहू द्या. मोठा म्हणाला, साठ वर्षं तिने चेकवर सही केली ती सी-एचने, आता तिचं नाव आपण बदलायचं? दोघांचंही चूक म्हणता येईना. मुलगी उठून भांडी घासायला लागली.

मग कुणाला तरी झाडाचा फोटो आठवला. मेंढपाळ डोंगरात अॅस्पेनच्या पांढऱ्या खोडांवर नावं कोरत. चाकूच्या टोकाने साल अगदी वरवर चिरायची. तेव्हा काहीच दिसत नाही. काही वर्षांनी चीर काळी पडून फुगते आणि अक्षरं वर येतात. म्हणजे कोरणारा एका उन्हाळ्यात कोरतो आणि वाचणारा भलत्याच उन्हाळ्यात. तिच्या नवऱ्याने कोरलेलं नाव, साल आणि एक घर यांचा फोटो मुलांनी वीस वर्षांपूर्वी काढून आणला होता. शोधाशोध झाली, फोटो सापडला, चष्मे लावले. झाड जाड होता होता नेमकं तेच अक्षर दोन्ही बाजूंनी सुजून काळं ठिक्कर झालं होतं. काय लिहिलंय, देवाला ठाऊक.

नातीने विचारलं, तुमच्या लिपीत हे कसं लिहितात? मी पाकिटाच्या मागे आडनाव लिहिलं. 'च'वर बोट ठेवून दाखवलं. एकच अक्षर, भांडण नाही. धाकटा हसला. "हे छापा." छापलं अर्थात नाही. पेपरात सी-एच गेलं आणि चर्चमध्ये वाटायच्या प्रार्थनेच्या कार्डावर टी-एक्स. ते पाकीट नातीने खिशात घातलं.

वयाचं मात्र कुणी भांडलं नाही. सत्त्याऐंशी. एउस्कारात लाउरोगेइता सास्पी, चार विसा आणि सात. विसांवर मोजणं ऐकून मी पहिल्यांदा चकित झाले होते, कारण माझी आजी नारळ असेच मोजायची, तीन विसा, चार विसा. अमुमाने मला जी काय थोडी भाषा शिकवली, ती मला इथल्या वर्गातल्या अमेरिकन मुलांपेक्षा लवकर आली, आणि ते माझं कौतुक नाही, मराठीचं आहे. 'ऐता' म्हणजे बाबा. बाबा आले, तर 'ऐता'. पण बाबांनी खाल्लं, तर 'ऐताक'. हा 'क' कशाला लागतो, ते वर्गात कुणाच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, अहो, हा तर आमचा 'नी'! फरक इतकाच की आपल्याकडे हा प्रकार भूतकाळापुरता, त्यांच्याकडे बारमाही.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. तिथे जाण्याआधी मला एक गोष्ट करायची होती. मी गोव्याच्या अलीकडची हे कळल्यावर अमुमा पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, "तुमच्याकडे आमचा एक माणूस आहे. परत कधी देणार?" माणूस म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. १५०६ साली बास्कांच्या नव्हारातल्या झेवियरच्या गढीत जन्मला, १५४२ साली गोव्यात आला. आपण त्याला गोंयचो सायब म्हणतो, ती त्याला घरातला धाकटा भाऊ असल्यासारखी शाबिएर म्हणायची. ते नावही मुळात घराचंच. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. एचेबेरी, नवं घर. आपली आडनावं गावावरून पडतात, त्यांची घरावरून. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, पाठवा असं पत्र पोर्तुगालच्या राजाला १५४६ साली यानेच लिहिलं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, कुणास ठाऊक. लाल मिरच्यांच्या माळेखाली बसून ते निघालं नाही एवढं खरं.

२०२४च्या डिसेंबरमध्ये मी माहेरी गेले होते. दर दहा वर्षांनी होणारं त्याच्या अवशेषांचं दर्शन तेव्हा जुन्या गोव्यात चालू होतं. से कॅथेड्रलपर्यंत रांगेत तीन तास उभी राहून तिच्यासाठी एक साधी मेणबत्ती आणली. ती तिने लावलीच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. म्हणायची, जुन्या काळी आमच्याकडे घरधनी गेला की कुणीतरी पोळ्यांपाशी जाऊन मधमाश्यांना सांगायचं, बायांनो, मालक गेला, मेण करा, चर्चमध्ये उजेड लागणार आहे. शुक्रवारी मी नातीला विचारून ती मेणबत्ती खिडकीतून उचलली आणि फोटोपुढे नेऊन लावली.

रोझरी एउस्कारात झाली. 'हेल मेरी'ची सुरुवात तिकडे 'अगुर मारिया' अशी आहे. अगुर म्हणजे नमस्कार, आणि रोजच्या बोलण्यात निघताना म्हणतात तेही अगुरच. पन्नासेक वेळा तो शब्द ऐकला. पहिल्या दहा-बारा वेळा मला नमस्कार ऐकू येत होता, नंतर नुसतंच 'येते'.

तिथे बसल्यावर दवाखान्यातला आठवडा आठवला. शेवटी शेवटी तिचं इंग्रजी गेलं. आधी वाक्यं गेली, मग शब्द. स्पॅनिशही गेली. राहिली फक्त लहानपणची भाषा. मी दुपारची पाळी घ्यायचे, कारण मुलं कामावर असायची. एक दिवस पोहोचले तर नर्स काळजीत. "सकाळपासून कुणालातरी हाक मारताहेत. उरा नावाचं कुणी आहे का घरात?" उरा म्हणजे पाणी. मी चमच्याने पाणी पाजलं. तिने डोळे उघडले नाहीत, "एस्केरिक" म्हणाली, धन्यवादातला पुढचा शब्द गाळून. झेवियरबद्दलही सांगतात की १५५२ साली चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर शेवटच्या तापात तो अशा भाषेत बोलत होता की जवळच्या चिनी माणसाला एक अक्षर कळेना. ती गोष्ट मला अमुमानेच सांगितली होती, आणि पुढे म्हणाली होती, "पाणी मागत असेल."

शनिवारचं मास, म्हणजे चर्चमधली अंत्यविधीची प्रार्थना, नेहमीसारखं झालं, त्याबद्दल काही लिहीत नाही. बाहेर आल्यावर जे झालं ते लिहायला हवं. फेब्रुवारीची थंडी, पायऱ्यांच्या कडेला घाण झालेला बर्फ. शवपेटी दारात थांबवली. एक चिस्तुवाला पुढे आला. चिस्तु ही तीन भोकांची बासरी, ती डाव्या हाताने वाजवायची आणि त्याच हातावर टांगलेला छोटा ढोल उजव्या हाताने. एकच माणूस, दोन वाद्यं. समोर पांढऱ्या कपड्यांतला, कमरेला लाल शेला बांधलेला पोरगा. १९६० साली सुरू झालेल्या ओइंकारी पथकातला. लहानपणी त्याची आई कामावर असायची तेव्हा दुपारचं जेवण अमुमाकडे. त्याने चापेला, म्हणजे डोक्यावरची काळी गोल टोपी, काढून हातात घेतली, वाकला आणि मग अगुरा नाचला. हा मानाचा नाच आहे. लग्नात होतो, पाहुण्यांसमोर होतो, मयतासमोरही होतो. पाय सरळ डोक्याच्या वर जातो, आणि खाली येतो तो आवाज न करता. टाळ्या नाहीत. एकदा ओल्या फरशीवर त्याची टाच सरकली. तो सावरला, पण तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांचे हात आपोआप पुढे झाले होते. मी रडले ती तिथे.

मग सेंटरमध्ये जेवण. सूप, काबुली चणे, लाल मिरचीत घोळवलेलं डुकराचं मांस, क्रोकेता, तांदळाची खीर, लाल वाइन. 'गोइआन बेगो' म्हणत लोक हात हातात घेत, म्हणजे वर सुखात असो. खीर संपेपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावर मुस सुरू झाला होता. चाळीस पत्त्यांचा, जोडीजोडीने खेळायचा डाव, आणि यात जोडीदाराला खुणा करणं नियमातच बसतं. दोन राजे असले तर खालचा ओठ चावायचा, दोन एक्के असले तर जिभेचं टोक दाखवायचं. समोरच्यांनी पाहिलं तर त्यांचं नशीब. अमुमा मात्र हातात काही नसतानाही ओठ चावायची. ते नियमात बसत नाही. मग "ओरदागो!" म्हणून सगळा डाव पणाला लावायची आणि समोरचे घाबरून पत्ते टाकायचे. तिची खुर्ची त्या दिवशी रिकामी वगैरे ठेवली नाही. मुलगी तिथे बसली, आणि पहिल्याच डावात ओठ चावला. "आईचीच लेक," कुणीतरी म्हणालं. पत्ते पाहिले तर खरंच काही नव्हतं.

सहा-सात क्रोकेता उरल्या. मी डब्यात घालून घरी आणल्या. नवऱ्याने विचारलं, जायफळ आहे का यात?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, लागला आणि नात खारवलेल्या कॉडचा मोठा तुकडा घेऊन माझ्याकडे आली. लेंटमधल्या शुक्रवारी अमुमाकडे बाकालाव व्हायचा. हा मासा मिठात वाळवून लाकडासारखा कडक करतात, आमच्या खाऱ्या बांगड्याचा थोरला भाऊ. शिजवण्याआधी दीड-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं. नातीला तो कधी शिकवलाच नव्हता. पण माझ्या फोनवर अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, दोन वर्षांपूर्वी रेसिपी म्हणून घेतलेलं. आम्ही फोन ओट्यावर उभा केला.

सुरुवातीला ती म्हणते, पाणी तीनदा बदल. चौथ्या मिनिटाला म्हणते, चारदा. मध्ये नळ चालू असल्याचा आवाज, मी काहीतरी विचारते ते ऐकू येत नाही, आणि ती वैतागून म्हणते, "मोजतेस काय, बोट घालून चाखून बघ." नवव्या मिनिटाला परत तीनदा. नातीने वहीत तीन लिहिलं, खोडलं, चार लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह केलं. मग फ्रीज उघडला. आम्ही दोघींनी पातेल्यात बोट बुडवून चाटलं.

अजून खारट होतं. तिने पाणी ओतून दिलं आणि नळ सोडला.